जुळवलेलं रीडिंग

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पंपांचे शाफ्ट बनवणारं एक मशीन शॉप होतं. मे महिन्यात तिथे डिप्लोमा मेकॅनिकलचा एक मुलगा सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला आला. रोजची डायरी लिहायची, शेवटी अहवाल द्यायचा, त्यावर कंपनीचा शिक्का आणायचा, अशी ती रीत. मुलाला सीएनसीवर उभं राहायचं होतं. त्याने कशालाही हात लावू नये, एवढीच कंपनीची अपेक्षा होती.

पहिला आठवडा धातूच्या चिप्स उचलण्यात आणि चहा सांगण्यात गेला. अशा ट्रेनिंगबद्दल ओरड होते आणि ती खरीही असते. पण कुठला माल कुठून कुठे जातो हे कळायला चिप्स उचलण्यासारखा दुसरा मार्ग नाही, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या आठवड्यात शॉपमधल्या जुन्या टर्नरने त्याला काम दिलं. या टर्नरला सगळे मामा म्हणत. तपासणीच्या टेबलावर २५ ते ५० मिलिमीटरचा, मायक्रॉनपर्यंत वाचणारा एक मायक्रोमीटर होता आणि त्याच्या सोबतीला बरोबर २५ मिलिमीटरचा मास्टर. रोज पाळी सुरू होताना मायक्रोमीटरात मास्टर धरायचा, दिसेल ते माप रजिस्टरात लिहायचं आणि पुढे सही करायची. दिवसभर ज्याच्या भरवशावर माल पास होणार, तो मायक्रोमीटर खरं बोलतोय ना, याची ती तपासणी.

मुलाने मास्टर धरला, रॅचेट फिरवलं, रीडिंग वाचलं. २५.०१८. पेनाने लिहिलं, सही केली. मग त्याचं वरच्या ओळींकडे लक्ष गेलं. २५.०००. त्याच्या वर २५.०००. पान उलटलं, तिथेही तेच. फेब्रुवारीपर्यंत मागे गेला तरी एकही वेगळा आकडा नाही.

त्याला घाम फुटला. आपलंच चुकलं, दुसरं काय असणार?

त्याला असं का वाटलं, ते कळायला कॉलेजचं जर्नल आठवावं लागेल. लोलकाच्या प्रयोगात गुरुत्वीय त्वरणाचं उत्तर ९.८१ च्या आसपास यायला हवं, हे प्रयोग सुरू होण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असतं. मग उत्तरापासून उलटं गणित करत जायचं, आंदोलनांचा वेळ शोधून काढायचा, एखाद्या ओळीत ९.७८ ठेवायचं म्हणजे खरं वाटतं, आणि सबमिशनच्या दिवशी सही घ्यायची. ही विद्या सीनियर मुलं ज्युनियरांना देतात. हुशार मुलं तर यात जास्तच तरबेज असतात. दोष एकट्या मुलांचा नाही. एका उपकरणाभोवती अख्खी बॅच उभी असते, आणि वेगळं उत्तर आणणाऱ्याला ‘का आलं’ असं कुणी विचारत नाही, ‘परत कर’ एवढंच सांगतात.

क्वालिटीचा माणूस मागून डोकावला. ‘अरे, २५.००० करून टाक की. नवीन हात आहे तुझा, होतं असं.’

करणं सोपं होतं. फक्त रजिस्टरात खाडाखोड चालत नसे, व्हाइटनर तर नाहीच. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारायची, शेजारी नवा आकडा लिहायचा आणि पुन्हा सही करायची, असा नियम. मुलाने रेघ मारायला पेन टेकवलं आणि तो थांबला. जर्नलवर सही सरांची असते. इथे त्याची स्वतःची लागणार होती. तो काही मोठा सत्यवादी नव्हता. तीच सही दुसऱ्यांदा करायची त्याला भीती वाटली, एवढंच. तो रजिस्टर घेऊन मामांकडे गेला.

‘मास्टर पुसला हुतास?’ मामांनी विचारलं.

‘हो मामा. मायक्रोमीटरची तोंडंही पुसली.’

‘हातात धरून बसला असशील. तापला असंल.’

मुलाने मनात हिशेब मांडला. पोलाद एका मीटरला, एका अंशाला साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतं. २५ मिलिमीटरचा तुकडा १० अंशांनी तापला तरी जेमतेम ३ मायक्रॉन. ‘मामा, १८ मायक्रॉन वाढायला तो साठेक अंशांनी तापायला लागेल. मग हातात धरवलाच नसता.’ सूत्र उत्तराकडून मागे न नेता पुढे चालवण्याची त्याची बहुधा ही पहिलीच वेळ.

मामांनी चष्मा लावला आणि स्वतः तीनदा माप घेतलं. २५.०१७, २५.०१९, २५.०१८. मग रजिस्टरची मागची पानं चाळली.

‘बघ, माझं तीनदा तीन आलं. खरं माप असंच जरा हलतं. हितं फेब्रुवारीपासनं एक मायक्रॉन हललं न्हाई. म्हंजे मास्टर लावून कुणी बघितलंच न्हाई. दिसतंय ते लिवायचं, पोरा. दिसायला पायजे ते लिवायला माणूस कशाला? रबरी शिक्का बास हाय.’

क्वालिटीचा माणूस तोवर चहाला निघून गेला होता.

शाफ्टवर जिथे बेअरिंग बसतं, तिथलं माप ड्रॉइंगप्रमाणे ४०.००२ ते ४०.०१८ हवं होतं. मायक्रोमीटर १८ मायक्रॉन जास्त दाखवत असेल, तर ४०.०१० म्हणून पास झालेला शाफ्ट प्रत्यक्षात ३९.९९२ चा. अशा शाफ्टवर बेअरिंग हवं तितकं घट्ट बसत नाही. पंप चालू झाला की बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर हळूहळू सरकत फिरते, शाफ्ट खात जाते, आणि एखाद्या उसाच्या फडात ऐन पाण्याच्या पाळीला पंप थडथडायला लागतो.

टूलरूममधून दुसरा, दाखला असलेला मायक्रोमीटर आणला. तयार लॉट मोजला. सगळाच माल मापाखाली निघाला. शाफ्ट जाड राहिला तर पुन्हा ग्राइंड करता येतो, बारीक झालेल्याला काही करता येत नाही. हार्ड क्रोमचा थर चढवून परत घासायचा, नाहीतर भंगारात टाकायचा.

फाटकाशी टेम्पो उभा होता. मालक धावत आले आणि पहिला राग मुलावरच काढला. ‘ट्रेनिंगच्या पोराच्या हातात मायक्रोमीटर दिला कुणी?’

‘मी दिला,’ मामा म्हणाले. ‘आनि त्यानं वाचला. ह्येच्या आधी कुणी वाचला, त्ये इचारा.’

खरा घोर पुढेच होता. हा मायक्रोमीटर बिघडला कधी? रजिस्टर प्रामाणिक असतं तर एका नजरेत तारीख सापडली असती. आता फेब्रुवारीपासून गेलेला सगळाच माल संशयात आला. मालक खुर्चीत बसून राहिले. मग मामांनीच शॉपमध्ये सांगितलं, की कुणाचा पगार कापणार नाही, पण मायक्रोमीटर कधी पडला असेल तर बोला. बऱ्याच वेळाने एक हेल्पर पुढे आला. जोतिबाच्या यात्रेला जायची गडबड होती, त्याच्या आदल्या दिवशी टेबलावरून पडला होता, म्हणाला. काच फुटल्यासारखा आवाज झाला नाही, काही मोडलं नाही, मग कशाला सांगायचं?

म्हणजे यात्रेपासूनचे लॉट. मालकांनी ग्राहकाला फोन लावला. बोलणं दार लावून झालं, आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. टेम्पो रिकामा परत गेला. परत आलेल्या मालाचा खर्च कंपनीला चांगलाच जड गेला, ऑर्डर मात्र टिकली. माल बाजारात गेल्यावर तक्रार आली असती तर ती टिकली असती का, याचा हिशेब मालकांनी नंतर स्वतःच केला असणार. कारण मायक्रोमीटर दुरुस्त होऊन आल्यावर रोज मास्टर लावून बघायचं काम त्यांनी उरलेल्या चारही आठवड्यांसाठी त्याच मुलाकडे ठेवलं. सीएनसीवर उभं राहायला मात्र त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही.

जुलैत कॉलेजात व्हायवा झाली. दुसऱ्या एका मुलाने त्याच एमआयडीसीतल्या दुसऱ्या शॉपचा अहवाल दिला होता. गेल्या वर्षीच्या अहवालावरून सुबक अक्षरात उतरवलेला, सगळी रीडिंग २५.०००. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवले आणि २५.०१८ या आकड्याभोवती लाल गोल केला.

‘मास्टरचं रीडिंग असं येतं होय? हे बघ, याचं कसं बरोबर आलंय. तुझं चुकलंय.’

‘नाही सर,’ मुलगा म्हणाला. ‘चुकला होता तो मायक्रोमीटर. रीडिंग बरोबर आहे. पुढचं पान बघा.’