जमेची वही

नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात दोन भाऊ राहत होते. वाटण्या झाल्या तेव्हा जमीन निम्मी-निम्मी झाली, विहीर मात्र सामाईक राहिली. चार दिवस थोरल्याची पाळी, चार दिवस धाकट्याची. बाजरी, मूग, ज्वारी निघायची आणि चैत्रातही विहिरीचा तळ उघडा पडत नसे.

एका वर्षी थोरल्याने ऊस लावला. पाळीचं पाणी पुरेना. पाणाड्या आला, तळहातावर आडवा नारळ ठेवून रानभर फिरला आणि बांधाजवळ त्याचा नारळ उभा राहिला. रात्री तमिळनाडू पासिंगची बोअरची गाडी आली. सगळं रान राखाडी धुरळ्यात बुडालं आणि २५० फुटांवर पाणी लागलं. उसाचं बिल हातात पडलं तसा थोरल्याच्या दारात ट्रॅक्टर आला, पाठोपाठ चारचाकी.

ती चारचाकी पाहिल्यापासून धाकट्याच्या घरात कुणाला घास गोड लागेना. कालपर्यंत रोज पुसली जाणारी मोटारसायकल आज खटारा वाटू लागली. त्यानेही कर्ज काढलं आणि ४०० फूट गेला. त्याबरोबर थोरल्याचा बोअर आटला. थोरला इरेला पेटून ७०० फुटांवर गेला. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ७०० फुटांवरून नुसता फुफाटा निघाला. दोन वर्षांत धाकट्याचा बोअरही उचक्या देऊ लागला. सामाईक विहीर तर केव्हाच कोरडी पडली होती.

दोघेही बुडाले, पण या व्यवहारात सगळेच बुडाले असं नाही. बोअरवाल्याने फुटावर पैसे घेतले, पाणी लागो न लागो. दुकानदाराने आधी पाच एचपीची मोटार विकली, मग साडेसातची, मग दहाची. गाड्यांचे हप्ते चालूच होते. आणि मे महिन्यात तालुक्याहून पाण्याचे जार घेऊन टेम्पो येऊ लागला.

एकदा जारचे पैसे देताना आईने विचारलं, "हा पाणी आणतो कुठून रे?"

"त्याचाही बोअरच आहे, आई."

"म्हणजे आपण आपलं पाणी उपसून उसातून विकलं आणि आता दुसऱ्याने उपसलेलं विकत पितोय. मग मधले पैसे गेले कुठं?"

दोघेही गप्प बसले. आई म्हणाली, "मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी आधी कणगी दाखवली. खळं झालं की धान्य पायलीने मोजायचं, मग ठरवायचं, लग्न यंदा काढायचं की पुढल्या साली. तुम्ही फूट मोजले, हप्ते मोजले. जमिनीत पडतं किती, ते कुणी मोजलं?"

धाकटा दुसऱ्याच दिवशी हिवरे बाजारला गेला. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर त्या उजाड गावाने डोंगरावर चर खणले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, शेतीसाठी बोअर घेणं थांबवलं, ऊस आणि केळी सोडली. पाऊस किती झाला याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची, अशी तिथली रीत.

परत आल्यावर त्याने शाळेतल्या गुरुजींना बसवून हिशेब काढला. वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस धरला तर एका एकरावर सुमारे १६ लाख लिटर पाणी पडतं. त्यातलंही बरंच वाहून जातं. पाटाने भिजवलेल्या एकरभर उसाला मात्र ८० लाख लिटर लागतं.

थोरला बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला. "म्हणजे दर एकरामागे मी चार शेजाऱ्यांचा पाऊस पीत होतो," तो म्हणाला.

त्याने ऊस कायमचा सोडला, चारचाकी विकली. दोघे भाऊ कुदळी घेऊन डोंगराला चर खणू लागले तेव्हा गाव हसलं. पहिल्या पावसानंतर हसणाऱ्यांतलेच काही घमेली घेऊन आले. हळूहळू ग्रामसभेत पाऊस वाचून दाखवायची पद्धत पडली. कर्ज फिटायला वर्षं लागली. ७०० फुटांचं ते भोक तर कशानेच भरून निघालं नाही. पण विहिरीला पुन्हा पाणी आलं. पुढे एका साली पाऊस निम्माच झाला. ग्रामसभेने ठरवलं, यंदा गहू नाही, कांदा नाही. कुरकुर झाली, पण ठराव सगळ्यांनी पाळला. त्या उन्हाळ्यात जारचा टेम्पो गावात आला आणि भरलेलेच जार घेऊन परत गेला.

तात्पर्य : आणखी किती हवं, हे बाजार रोज सांगतो, पुरे कुठे म्हणायचं, ते आपणच आणि सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. जमा पाहून खर्च करणाऱ्या गावाला वाईट वर्षातही उद्याची आशा धरता येते.