माप आणि माणूस

आपल्यापैकी काही घरांत मूत्रपिंडाचा विकार शिरलेला आहे. आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेस सुमारे चार तास, घरातील वडील माणूस डायलिसिसच्या खुर्चीत बसून असते. अशाच एका घरी आम्ही समाचारास गेलो असता मुलाने आम्हांस बाजूला बोलावून एक कागद दाखविला. वडिलांच्या अंगातील पाणी, स्नायू व चरबी यांचे माप त्यावर लिहिले होते. "काका, यावरून बाबा किती दिवस काढतील ते कळते म्हणे. त्यांना सांगावे का?" असे त्याने विचारले.

हे माप घेण्याची रीत सोपी आहे. हातापायांस चिकटपट्ट्या लावून अंगातून अगदी मंद वीज सोडतात. ती रोग्यास जाणवतही नाही. पाणी व स्नायू यांतून वीज सहज जाते, चरबीतून कष्टाने. या फरकावरून हिशेब मांडतात. नुसता वजनकाटा येथे फसवितो, कारण स्नायू झिजले आणि तेवढेच पाणी साचले तर काटा हलत नाही.

पुष्कळ रोग्यांच्या पाहणीतून असे दिसले आहे की, ज्यांचे स्नायू झिजलेले व अंगात पाणी साचलेले, ते सरासरीने लवकर जातात. आणखी एक नवल असे की, डायलिसिसवर असलेले वजनदार रोगी कृश रोग्यांपेक्षा सरासरीने अधिक जगतात. ही चरबीची कृपा, की आजार आधीच अंग वाळवितो म्हणून तसे दिसते, यावर डॉक्टरांत वाद आहे.

परंतु सरासरी ही अनेकांची असते, आणि खुर्चीत बसलेला माणूस एकटा असतो. शंभरांपैकी साठ वाचतील असे कळले, तरी आपले बाबा त्या साठांत आहेत की नाहीत, हे आकडा सांगत नाही.

येथे अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराची हकिकत आठवते. 1960 साली तेथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांत कायम राहील अशी नळी बसवून वारंवार डायलिसिस करणे शक्य केले. त्यांचे पहिले रोगी क्लाइड शील्ड्स त्यानंतर 11 वर्षे जगले. पण यंत्रे थोडी, रोगी फार. तेव्हा सात जणांची एक समिती नेमली गेली. कोणाला बायकामुले आहेत, कोण चर्चला जातो, असे पाहून ती जगण्याची संधी वाटू लागली. 1962 साली हे उघड होताच मोठी टीका झाली. 1972 च्या कायद्याने अमेरिकन सरकारने बहुतेक रोग्यांचा खर्च उचलला आणि असली निवड मागे पडली.

आकडा त्या समितीसारखा पक्षपाती नाही, हे खरे. पण समितीशी निदान वाद घालता येत होता. आकड्यापुढे आपण मान तुकवतो, आणि "आता यांच्यावर कशाला खर्च?" हा विचार हळूच घरात शिरतो. आम्हांस भीती वाटते ती याची.

मग मापाचा उपयोग काय? साचलेले पाणी डायलिसिसमध्ये अधिक काढता येते. आहार सुधारता येतो. डायलिसिसपूर्वी पुष्कळांना प्रथिने कमी खाण्यास सांगतात. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम लागतात. तरी कित्येक घरांत जुनेच पथ्य चालू राहते आणि प्रेमापोटी माणूस उपाशी पडतो. म्हणून कागद घेऊन आधी आहारतज्ज्ञाकडे जावे.

सांगावे का, या प्रश्नाला आमचे उत्तर असे: शरीर बाबांचे, तेव्हा कागदही बाबांचाच. त्यांना किती जाणून घ्यायचे आहे, हे प्रथम त्यांनाच विचारावे. नको म्हणाले तर बळजबरी करू नये. हवे म्हणाले तर लपवू नये. कारण दिवस खरोखरच थोडे असतील, तर ते कसे घालवावेत, उपचार कुठवर न्यावेत, हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा आहे.

मुलाने विचारले. बाबांनी चष्मा लावून कागद पाहिला आणि म्हणाले, "दिवसांचे राहू दे. मासे पुन्हा खाता येतील का, तेवढे डॉक्टरांना विचार."