काट्यावर न घालताच पट्टी

गप्प बस आणि ऐक. ‘सर, आमचा विषय कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात नसतो. मग मी आपला कांदा आणि कामधंदा बघून बटण दाबतो.’ हे तू मला ऐकवलंस, आणि वर हसलासही. आता एकच सांग. जाहीरनामा वाचलास? कुठल्याही एका पक्षाचा? एक तरी पान?

नाही ना. मग त्यात काय नसतं, हे तुला कुणी सांगितलं?

२०२४ च्या लोकसभेला काँग्रेसनं लिहून दिलं होतं की व्यापक चर्चा करून समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता देणारा कायदा आणू. मार्क्सवाद्यांनी तर जोडीदाराला अवलंबित म्हणून नोंदवता यावं, वारसा मिळावा, इथपर्यंत लिहिलं. भाजपनं तृतीयपंथीयांसाठी गरिमा गृहं आणि आयुष्मान भारत लिहिलं. तुमच्यासारख्या जोडप्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. यातलं कुणी मनापासून लिहिलं आणि कुणी लिहून विसरणार होतं, ते तू ठरव. पण ठरवायला आधी वाचावं लागतं, बाळा.

आणि वाचता येत नाही असं सोंग माझ्यापुढं करू नकोस. ठेकेदारानं कराराचा कागद पुढं केला की तू बारीक टायपातली ओळ आधी बघतोस. ओव्हरटाइमचा एक तास कमी लागला तर एचआरच्या टेबलासमोरून हलत नाहीस. मग देशाच्या कागदाशीच तुझं काय वाकडं आहे?

तुझा बाप चाकणच्या बाजारात कांदा नेतो. काट्यावर घातल्याशिवाय पट्टी घेईल का? आडत्यानं नुसतं बघून वजन सांगितलं, तर तिथंच त्याची गचांडी धरेल. तू त्याचा शिकलेला मुलगा. पाच वर्षांतून एकदा हातात येणारं मत अंदाजपंचे देऊन मोकळा होतोस, आणि त्याला व्यवहारीपणा म्हणतोस.

‘पोटाचा प्रश्न आधी, हक्कबिक्क नंतर.’ वा! कुणाच्या पोटाचा? कारेगावच्या त्या खोलीत तुझ्यासोबत राहतो, ज्याला तू सगळ्या एमआयडीसीत ‘रूम पार्टनर’ म्हणून सांगत फिरतोस, त्याच्या पोटाचं काय? तुझ्या ईएसआयच्या कार्डावर तो आहे? उद्या त्याचं काम सुटलं, तर तुझ्या कार्डावर त्याला गोळी तरी मिळेल? देव न करो, पण प्रेसवर तुझं काही बरंवाईट झालं, तर पैसे कुणाला मिळतात याची यादी कायद्यात आहे. बायको आहे, मुलं आहेत, आईवडील आहेत. तो नाही. पीएफचंही तेच. कुटुंब असेपर्यंत कुटुंबाबाहेरचा नॉमिनी चालत नाही, आणि कुटुंब कोण हे सरकारनं ठरवलंय, तू नाही. आता सांग, हा प्रश्न पोटाचा की हक्काचा? कुठं रेघ ओढणार आहेस?

ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं काढायला, एकमेकांना नॉमिनी करायला कसलीच आडकाठी नाही. रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरा, असंही केंद्रानं राज्यांना कळवलं. आलंय कानावर? नसणारच. क्रिकेटच्या प्रत्येक चेंडूची बातमी तुझ्या खिशात वाजते, आणि ही वाजली नाही. गंमत आहे.

कांद्याचं म्हणशील तर मी कांद्याला कमी लेखत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा तुझ्या घरात काय झालं ते मला माहीत आहे. ती बंदी उठली ४ मे २०२४ ला. शिरूरचं मतदान १३ मेला. नऊ दिवस आधी. उठवतानाही ४० टक्के शुल्क ठेवूनच उठवली. हा हिशोब तुला तोंडपाठ आहे, कारण त्यात तुझा बाप आहे. मग दुसऱ्या हिशोबात तू स्वतः आहेस, तो का पाठ नाही?

‘आणि सर, परराष्ट्र धोरण बघा ना, जगात आपली मान उंचावली.’ उंचावली असेल. तीच मान तुझ्या बाबतीत कुणीकडं वळली, ते बघितलंस? मार्च २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत एक प्रस्ताव आला. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना मिळणारे लाभ काढून घ्या, असं रशियाचं म्हणणं होतं. बाजूनं ४३ मतं पडली, विरुद्ध ८०. भारत कुठं होता? त्या ४३ मध्ये. शेजारी चीन आणि पाकिस्तानही होते. सीमेवर ज्यांचं नाव घेतलं की तुझं रक्त उसळतं, त्यांच्याच मांडीला मांडी लावून आपण मत दिलं, आणि तेही तुझ्यासारख्याच्या नॉमिनीविरुद्ध. पुढच्या वर्षी मानवाधिकार परिषदेत या विषयावर स्वतंत्र तज्ज्ञ नेमायचा ठरला, तेव्हा आपण तटस्थ राहिलो. म्हणजे तुझ्या विषयाचंही परराष्ट्र धोरण असतं. तू फक्त त्यातली झेंडा फडकवण्याची बाजू निवडलीस.

बाकीचे मुद्दे आधी म्हणणारा जगात तू एकटाच नाहीस. अमेरिकेतले बहुसंख्य गे मतदार एका पक्षाकडे झुकतात. पण कर आणि संरक्षण आधी म्हणणारे, रिपब्लिकन पक्षातले गेही आहेत. त्यांची संघटना १९७७ पासूनची. त्यांचं चुकतं की नाही तो वाद वेगळा. ते आपल्या पक्षात उभे राहून आपल्याच पक्षाशी भांडतात तरी. तू कुणाशी भांडलास? माझ्याशी. चहाच्या टपरीवर.

आता घरचंच सांगतो. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रवादीनं मुंबईत एलजीबीटी सेल काढला. एखाद्या मोठ्या पक्षानं असा सेल काढण्याची देशातली ती पहिली वेळ. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रिया सुळेंनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांना जागा द्या म्हणून. त्यांचा मतदारसंघ कुठला? भीमा ओलांडलीस की दौंड, तोच. मग लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिथंच संपलं. मध्यंतरी २०२३ मध्ये पक्ष फुटला. आणि २०२४ ला शिरूरमध्ये समोरासमोर कोण? तुतारी घेऊन अमोल कोल्हे, घड्याळ घेऊन आढळराव पाटील. दोन्ही चिन्हं त्याच मूळ पक्षातून निघालेली! एकच प्रश्न दोघांनाही विचारता आला असता: तुमच्या पक्षानं काढलेल्या त्या सेलचं आता काय? विचारलास? सभेला तर दोघांच्या गेला होतास. महागणपतीला संकष्टीला नवस बोलतोस, खासदाराला चार ओळींचं पत्र लिहवत नाही.

‘पण सर, विचारलं तर लोकांना कळेल.’ काय कळेल? मागं शशी थरूर यांनी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ बदलायचं विधेयक मांडू पाहिलं, डिसेंबर २०१५. मांडायलाच परवानगी मिळाली नाही. २४ विरुद्ध ७१. थरूर काय तुझ्या खोलीत राहायला येणार होते? प्रश्न विचारायला स्वतःची कुंडली द्यावी लागत नाही. भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. गावात काय होतं, घरात काय होतं, मला ठाऊक आहे. पण बटण दाबताना पुठ्ठ्याच्या आड तू एकटाच असतोस. तिथं कसली भीती? तिथली ती भीती नव्हे, तो आळस आहे.

सर्वोच्च न्यायालय बघून घेईल म्हणतोस? ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ चा काटा निघाला, तेव्हा पेढे वाटलेस. मग १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयानं सांगितलं की लग्नाचा विषय संसदेचा. फेरविचाराची याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. त्या खटल्यात केंद्रानं काय म्हटलं होतं माहीत आहे? ही शहरी उच्चभ्रूंची मागणी आहे म्हणे. आणि तू, रांजणगावचा कांदेवाल्याचा मुलगा, तिन्ही शिफ्टमध्ये घाम गाळणारा, गप्प राहून त्यांचं म्हणणं खरं करतोस. एका पक्षावर खापर फोडून सुटायचं असेल तर तेही जमणार नाही. राज्यांना मत विचारलं तेव्हा काँग्रेसच्या राजस्थाननं विरोध कळवला होता.

आणखी एक, हे नीट ऐक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. त्यात ३७७ पूर्ण गेलं. संमतीचं गेलं ते बरंच झालं. पण पुरुषावर कुणी जबरदस्ती केली, तर ज्या कलमाखाली तक्रार व्हायची तेही सोबत गेलं. संसदीय समितीनं तेवढा भाग ठेवा म्हटलं होतं. ॲपवर ओळख काढून पोरांना बोलावून लुबाडणारे तुला ऐकून माहीत आहेत. लुबाडण्याच्या पुढचं काही झालं, तर पोलीस चौकीत तू कुठलं कलम सांगणार? आणि मला म्हणतोस, माझा मुद्दाच नाही.

‘एका मतानं काय होतंय?’ हे उरलंच होतं. शेजारच्या आंबेगावात २०२४ च्या विधानसभेला वळसे पाटील किती मतांनी आले? १,५२३. आपल्या शिरूर तालुक्यातली कितीतरी गावं त्याच मतदारसंघात आहेत. एका कंपनीच्या एका शिफ्टला याहून जास्त माणसं गेटातून आत जातात.

मी तुला कुणाला मत दे, हे सांगणार नाही. कांद्यासाठी दे, नोकरीसाठी दे, सीमेसाठी दे. मोजून दिलंस तर मी तोंड उघडणार नाही. तुझ्याहून ढ पोरं माझ्या हाताखालून गेली, त्यांना मी असलं बोललो नाही. त्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती.

आता ऊठ. त्या पोराचं नाव अजून परभणीच्या यादीत आहे ना? दर निवडणुकीला रजा नाही म्हणून तो मतच देत नाही ना? फॉर्म ८ ऑनलाइन भरता येतो, मोबाइलवर. पगारी सुट्टी मतदानाला द्यावीच लागते, तो कायदा आहे, एचआरला सांग. आणि उद्या सकाळची शिफ्ट नाही तुमची, बँक दहाला उघडते. दोघं जा.