पंधरा वर्षांची सीमा

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना युद्धात सापडलेल्या मुलांविषयी शिकवावे काय, आणि शिकवावे तर कोणत्या रीतीने, हा प्रश्न आज घराघरांपुढे उभा आहे. गाझा, सुदान, सीरिया, येमेन येथील ढिगाऱ्यांची दृश्ये मुले मोबाइलवर पाहतच असतात. त्यांना या विषयापासून दूर ठेवणे आता आपल्या हाती उरलेले नाही. ठरवायचे आहे ते एवढेच की, त्या दृश्यांचा अर्थ त्यांना आईवडील व शिक्षकांनी सांगावा, की मोबाइलच्या पडद्यानेच सांगावा.

दृश्य मन हेलावते, परंतु न्याय-अन्याय तोलण्याचे माप देत नाही. मापाविना पाहिलेल्या दुःखातून कालांतराने बधिरता येते किंवा द्वेष वाढतो. म्हणून शिक्षणाचे पहिले काम माप देणे हे होय.

असे एक माप हदीसमध्ये स्पष्टपणे आलेले आहे. उहुदच्या वेळी हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) चौदा वर्षांचे होते. त्यांना सैन्यात घेण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी परवानगी दिली नाही. खंदकच्या वेळी पंधरा वर्षांचे असताना ती दिली. पुढे हजरत नाफेअ (रह.) यांनी ही रिवायत खलीफा उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांना ऐकविली, तेव्हा बालक आणि प्रौढ यांमधील सीमा हीच, असे म्हणून त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना तसे लिहून कळविले. यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ते स्वतःच पुढे आलेले असतानाही परत पाठविले गेले. बालकाची उत्सुकता ही त्याची संमती ठरत नाही आणि तिच्यामुळे वडीलधाऱ्यांची जबाबदारी सुटत नाही, हा त्याचा अर्थ.

1989 च्या बालहक्क करारानेही पंधरा वर्षांखालील मुलांना प्रत्यक्ष लढाईपासून दूर ठेवण्याचे बंधन राष्ट्रांवर घातले. 2000 साली त्यास जोडलेल्या करारनाम्याने ही मर्यादा अठरापर्यंत नेली. काँगोचा थॉमस लुबांगा याला 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने दोषी ठरविले, ते पंधरा वर्षांखालील मुलांना लढाईला जुंपल्याबद्दल. त्या न्यायालयाचा हा पहिलाच निवाडा होता.

हे सांगताना “आमच्याकडे हे आधीच होते” एवढ्यावर आपण थांबलो, तर धडा वाया गेला असे समजावे. माप आपल्या हाती आहे, म्हणून ते प्रथम आपल्यालाच लागू होते. आयसिसने अल्पवयीन मुलांना शस्त्रे दिली, बोको हरामने लहान मुलींच्या अंगावर स्फोटके बांधली, आणि हे सारे इस्लामचे नाव घेऊन केले. हेही वर्गात त्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आप्तांविरुद्ध जात असली तरी साक्ष खरीच द्यावी, ही कुरआनची शिकवण आहे.

दुसरा प्रश्न, मूल कोणाचे? एका लढाईत काही लोकांकडून मुले मारली गेली, तेव्हा प्रेषित (स.) यांनी तीव्र नापसंती दर्शविली. ती अनेकेश्वरवाद्यांची मुले होती, असे कोणी म्हणाले. त्यावर, तुमच्यातील उत्तम माणसेही अशाच लोकांची मुले नव्हती काय, असा सवाल त्यांनी केला आणि प्रत्येक बालक निर्मळ प्रकृतीवर जन्मते, याची आठवण दिली. म्हणून युक्रेनमधील मुलासाठी हळहळायचे आणि गाझातील मुलाकडे पाठ फिरवायची, किंवा याच्या उलट करायचे, हे दोन्ही मान्य करता येत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. युगांडाच्या डॉमिनिक ऑन्ग्वेन याला लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या सशस्त्र टोळीने बालपणीच पळवून नेले. मोठेपणी तो तिचा सेनानायक झाला आणि इतरांची मुलेही टोळीत ओढली. 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याला 61 गुन्ह्यांत दोषी धरून 25 वर्षांची शिक्षा दिली. शिक्षा ठरविताना त्याचे हिरावले गेलेले बालपण विचारात घेतले, पण दोषमुक्त केले नाही. विद्यार्थ्यांना विचारावे, हा पीडित की अपराधी? त्यांना वाद घालू द्यावा. मग सांगावे की, बालक वयात येईपर्यंत त्याच्यावरून लेखणी उचललेली असते, असे हदीस सांगते. त्या वयातील कृत्यांचा भार त्याच्या हाती बंदूक देणाऱ्यांवर आहे. वयात आल्यानंतर मात्र त्याची लेखणी त्याच्या नावे चालू होते. त्याच्याविषयी करुणा वाटावी आणि त्याला जाबही विचारावा. यातील एकामुळे दुसरे टळत नाही.

हा विषय याच वयात का शिकवावा, याचे उत्तर येथे मिळते. दहावीतला विद्यार्थी स्वतःच त्या सीमेवर उभा असतो. त्याची लेखणी नुकतीच चालू झालेली असते. तो कोणते दृश्य पुढे पाठवितो, कोणत्या मुलाच्या मरणावर हसतो, कोणाच्या सूडाच्या भाषणाला दाद देतो, याची नोंद आता त्याच्याच खात्यावर होते. म्हणून रक्तबंबाळ चित्रे दाखवू नयेत. शाळा, अन्न, औषध, आईची कूस यांपैकी त्या मुलाचे काय हिरावले गेले आणि कोणी हिरावले, हे शांतपणे सांगावे. धडा संपल्यावर खिशातून काही मदत आणि हातून दुआ घडावी, तीही सर्व मुलांसाठी.

अल्लाह आपल्या मुलांना न्यायाची दृष्टी देवो, आणि कोणत्याही आईच्या मुलाला युद्धाच्या खाईत न लोटो. आमीन.