अभाव कसा कळतो?

मोटरहोम दिवसभर रस्त्यावर धावली आणि तरी राहत्या भागातली बॅटरी भरली नाही, तर शोधायचे असते ते न घडलेले काहीतरी. असे ‘नसणे’ ही खरोखर काही वस्तू आहे का, आणि ते कोणत्या प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या साधनाने, कळते, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. प्राभाकर मीमांसकांच्या मते अभाव नावाचा वेगळा पदार्थ नाही; घट नसलेली जमीन म्हणजे नुसती जमीन. कुमारिल भट्टांनी अभाव मानला आणि त्याच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे सहावे प्रमाण सांगितले. नैयायिकांनी पदार्थ स्वीकारला, वेगळे प्रमाण नाकारले. त्यांच्या मते अभाव प्रत्यक्षानेच कळतो. अनुपलब्धी त्याला साहाय्य करते.

न्यायाची पहिली मागणी अशी, की अभाव मोघम सांगता येत नाही. कशाचा अभाव, तो प्रतियोगी. कुठे अभाव, ते अधिकरण. ‘बॅटरी चार्ज होत नाही’ या तक्रारीत दोन्ही अस्पष्ट आहेत. इंजिनाच्या बॅटरीपासून निघालेली जाड वायर फ्यूज, रिले आणि पुन्हा फ्यूज अशी मागच्या बॅटरीपर्यंत जाते. इंजिन चालू असताना पुढच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट आणि मागच्या बॅटरीवर १२.३ दिसले, तर या वाटेवर एकेक जागा तपासत जायचे. रिलेच्या अलीकडे १४.२ आहे, पलीकडे नाही, असे आढळले की अभावाला अधिकरण मिळाले. मात्र दोष रिलेचाच आहे, असे अजून ठरत नाही. रिलेला चालू करणारा संकेतच पोचत नसेल, तर प्रतियोगी बदलतो आणि शोध संकेत आणणाऱ्या बारीक वायरकडे वळतो.

दुसरी मागणी अधिक मोलाची आहे: योग्यता. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच तिचे न दिसणे अभावाचे ज्ञान देते. अंधारात घट दिसला नाही, एवढ्यावरून घट नाही असे ठरत नाही. म्हणून मीटर शून्य दाखवू लागला तर आधी तो चांगल्या बॅटरीवर लावून पाहायचा, मग संशयित जागी, आणि शेवटी पुन्हा चांगल्या बॅटरीवर. मीटरची काळी पिन गंजलेल्या बोल्टला टेकवली असेल, तर शून्य हे वायरीविषयी काहीच सांगत नाही. मागची बॅटरी आधीच भरलेली असेल, तर तिच्याकडे जाणारा प्रवाह नगण्य असणारच. तोही दोषाचा पुरावा नव्हे. याची उलट बाजूही फसवी आहे. मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, त्यामुळे वायरीच्या एखाद्या धाग्यावर टिकलेला जोडही पूर्ण व्होल्ट दाखवतो. बॅटरीवर भार टाकून, प्रवाह वाहत असताना त्याच जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावला, की व्होल्टमधली दडलेली घट उघड होते.

वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार केले. जळलेला फ्यूज हा प्रध्वंसाभाव, म्हणजे होते ते नष्ट झाले. पुढची बॅटरी ही मागची बॅटरी नव्हे, हा अन्योन्याभाव. इंजिन सहज चालू होते म्हणून मागचीही भरत असेल, असे मानणारा नेमका तोच विसरतो.

खरी अडचण नव्या गाड्यांत येते. युरो ६ मानकाच्या अनेक गाड्यांतला स्मार्ट अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी पुढची बॅटरी पुरेशी भरली की व्होल्टेज उतरवतो आणि वेग कमी होताना ते पुन्हा चढवतो. साधारण १३.३ व्होल्टला जोडणारा आणि १२.८ ला तोडणारा रिले अशा वेळी आपले काम चोख करतो. तरी मागे काही पोचत नाही. इथे काहीच नष्ट झालेले नसते, अभाव येतो आणि जातो. उचलून नेलेला आणि परत आणलेला घट चार प्रकारांत कुठे बसवायचा, या प्रश्नावर काही नैयायिकांनी सामयिकाभाव हा आणखी एक प्रकार सुचवला, तर इतरांनी त्याला अत्यंताभावातच, म्हणजे तिन्ही काळच्या अभावातच, घेतले. उभ्या गाडीत एकदाच घेतलेले माप या प्रकाराला पकडू शकत नाही. गाडी चालवत, दोन्ही बॅटऱ्यांवरचे व्होल्ट सोबतच्या माणसाने टिपत गेले तरच तो दिसतो. त्यावरचा उपाय म्हणजे कमी व्होल्टेज स्वतः चढवून देणारा डीसी-डीसी चार्जर. त्याला इंजिन चालू असल्याचा संकेत गाडीच्या इग्निशनमधून द्यावा लागतो.