हुकूम पोहोचतो की नाही?

झाडावरून पडून कमरेखाली लुळा झालेल्या एका तरुणाच्या भेटीस आम्ही गेलो होतो. प्रार्थना झाली. निघताना आम्ही म्हणालो, "बाळ, आधी मनाने उठ, मग देह उठेल. विश्वास कमी पडू देऊ नकोस." तो शांतपणे म्हणाला, "काका, रोज सकाळी मी पायाच्या अंगठ्याला हल म्हणून सांगतो. तो ऐकत नाही. यात माझ्या विश्वासाचे काय चुकले?" आम्हांला उत्तर देता आले नाही.

जे घडत नाही ते घडावे अशी इच्छाच नव्हती, असे मानण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मेंदूचा हुकूम मज्जारज्जूतून खाली पायांकडे जातो. मज्जारज्जूला पूर्ण इजा झाली की ती वाट कायमची तुटली, असे वैद्यकशास्त्र फार काळ मानीत आले. अमेरिकेतील लुईव्हिल विद्यापीठात 2009 साली एका तरुणाच्या मज्जारज्जूच्या खालच्या भागावर सोळा विद्युत्-टोकांची बारीक पट्टी बसविण्यात आली. 2006 साली मोटारीच्या धडकेने त्याचे पाय गेले होते. पुढे 26 महिने चालण्याचा सराव करूनही गुण आला नव्हता. आता वीज सुरू केली की, तोल सांभाळण्यापुरता आधार घेऊन तो उभा राहू लागला. सात महिन्यांनंतर तर स्वतःच्या इच्छेने पाय हलवू लागला. 2011 साली हे प्रसिद्ध झाले. 2014 साली अशा चौघांची हकीकत आली; त्यांतील दोघांना इजेच्या खाली स्पर्शही कळत नव्हता.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पाय हलविते ती वीज नव्हे. विजेने खालचा भाग केवळ जागा होतो. माणसाने मनात आणीपर्यंत पाय स्वस्थच असतो. वीज बंद केली की पुन्हा हुकूम मानीत नाही. शास्त्रज्ञ यावरून असे अनुमान काढतात की, शाबूत राहिलेल्या थोड्याशा तंतूंतून हुकूम खाली येतच होता. उणीव ऐकणाऱ्याकडे होती. (हा सरसकट इलाज नव्हे, कोणी घरोघरी खोटी आशा वाटीत फिरू नये.)

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षघाती मनुष्य शब्बाथशाळेत आपण दरवर्षी शिकवितो. मुलांना छप्पर उकलणारे व्हावयाचे असते, बाजेवर निजावयास कोणी तयार नसतो! पण प्रभूने विश्वास पाहिला तो "त्यांचा", म्हणजे वाहून आणणाऱ्यांचाही. आजाऱ्याच्या विश्वासाची वेगळी परीक्षा त्याने घेतल्याचे तेथे लिहिलेले नाही. ती आपण घेतो.

वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस यांचे पाय 1954 च्या अपघातात गेले, ते परत आले नाहीत. चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांचा विश्वास उणा होता, असे म्हणावयास कोणाची जीभ रेटेल?

त्या तरुणाकडे आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा उपदेश केला नाही. दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याची आई कित्येक रात्री झोपलेली नव्हती. तिला निजावयास सांगून ते काम त्या रात्री आम्ही केले.