उत्तर कोणी द्यायचे?



शाळा सुरू झाल्या की एक तक्रार हमखास ऐकू येते. "हल्ली गुरुजी शिकवतच नाहीत, मुलांनाच सगळे करायला लावतात." तक्रार अगदीच पोकळ नाही. मुलांपुढे मणी-काड्या टाकून शिक्षक बाजूला बसला, तर ते कृतियुक्त शिक्षण नव्हे, तो कामचुकारपणा. पण म्हणून मुलाला स्वतः शिकू देणे म्हणजे मोठ्यांनी जबाबदारी झटकणे, असे म्हणता येईल काय?

मारिया माँटेसरी ही इटलीची डॉक्टर, कॅथलिक बाई. ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणाला, रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत तिचे पहिले बालगृह उघडले. तिच्या साधनांपैकी एक पाहा. लाकडी ठोकळ्यात कमी-जास्त रुंदीचे दहा खळगे आणि त्यांच्या मापाचे दहा दट्टे. बारीक दट्ट्या रुंद खळग्यात टाकला की शेवटी एक दट्ट्या उरतोच, कुठेच बसत नाही. बाईंना "चुकलास" म्हणावे लागत नाही, ठोकळाच सांगतो. मूल सगळे काढते आणि पुन्हा लावू लागते. माप, क्रम, ते कोणाला केव्हा द्यायचे, हे सारे बाईंनी आधीच ठरवलेले असते. त्यानंतर मात्र हात मागे घ्यायचा. हे शिकवण्याहून अवघड!

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ही पद्धत १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांपर्यंत नेली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे घेतले. वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात नेली. आता विचार करा. गुरे कुठे न्यायची, पाणी केव्हा पाजायचे, हे ती मुले आपल्या बुद्धीने ठरवीतच होती. स्वावलंबन त्यांना शाळेने दिले नाही. शाळेने ते काढून घेतले नाही, एवढेच. आणि एवढे पुष्कळ झाले.

आपल्या जिंतूरच्या बाजारातून मोड बिनचूक मोजून आणणारे मूल वर्गात मात्र गाईडमधल्या उत्तराची वाट पाहते. असे का व्हावे? बरे-वाईट निवडण्याची सदसद्विवेकबुद्धी त्याच्याकडून आपण पुढे अपेक्षितो. ती एकदम अठराव्या वर्षी कोठून येणार?

कोणी म्हणेल, दहावीच्या गुणांवर ज्यांचे भवितव्य त्या गरिबांना हे चोचले परवडत नाहीत. गुणांची चिंता खरी आहे. पाढे पाठच हवेत, या मताचा मीही आहे. परंतु ज्याच्या घरी विचारायला कोणी शिकलेले नाही, त्यालाच आपली चूक आपण ओळखता येण्याची गरज सर्वांत जास्त. शिकवणी एक तासाची असते, उरलेला वेळ ते मूल एकटेच असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही कृती आणि शोध यांतून, भीतीविना शिकण्याचे तत्त्व सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मानले आहे.

जुन्या शाळांत गणिताचा ताळा करून पाहत. भाजकाने भागाकाराला गुणायचे, बाकी मिळवायची, भाज्य आले की गणित बरोबर. मूल वही घेऊन "बरोबर आहे का?" विचारत आले, तर आज संध्याकाळी त्याला ताळा करायला सांगून पाहा. तो होईपर्यंत वहीकडे बघू नका.